दुसरं बोलावणं

मंडपाचा धंदा करणाऱ्या माणसाला एकच भीती असते, खुर्च्या रिकाम्या राहण्याची. खुर्च्या आमच्या असतात, कार्य यजमानाचं असतं, तरी मागच्या दोन रांगा रिकाम्या दिसल्या की आम्हीच त्या गुपचूप आवरायला लागतो. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कार्यात खुर्च्या मांडल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी वाटलं, एकदा स्वतःच्या कार्यात मांडून बघाव्यात. म्हणून मी कुस्तीचे शो करणारी कंपनी काढली.

मातीतली कुस्ती नव्हे. चौकोनी रिंगणातली, चारी बाजूंना दोर बांधलेली, टीव्हीवर दिसते तशी. एक नायक, एक खलनायक, माइकवरून दमबाजी, उड्या, आपटाआपटी, आणि कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. हे ठरलेलं असतं असं मला शाळेत असताना कळलं. बाकीच्या पोरांचा विरस झाला, मला मात्र ते जास्तच आवडायला लागलं. एक माणूस दुसऱ्याला डोक्यावर उचलून आपटतो आणि तरी त्याला मोडू देत नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

बायकोला नवल वाटलं नाही. आमच्या धंद्याची खरी मालकीण तीच. बुकिंगची डायरी तिच्या पर्समध्ये असते आणि ती पर्स ती देवघरातसुद्धा घेऊन जाते. मी तिला म्हणालो की रिंग करायला स्टेजच्या फळ्या लागतील. तिनं डायरीत बघितलं आणि म्हणाली, "फळ्या लग्नाच्या आहेत. लग्न नसेल तेव्हा न्या. आणि गुढीपाडवा ते गुढीपाडवा, एक वर्ष."

"एका वर्षात काय होणार?"

"पहिलं काम ओळखीनं मिळतं हो. मंडप चांगला झाला की नाही ते दुसऱ्यांदा बोलावलं की कळतं. वर्षभरात कुठल्याही एका गावानं, एका मंडळानं तुम्हाला परत बोलावलं तर चालू ठेवा. नाही बोलावलं तर फळ्या कायमच्या लग्नाला. आणि तुम्ही जाऊन मागितलेलं मी बोलावणं धरणार नाही."

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि खरं ऐकलं की अजून लवकर येतो. मी म्हटलं, वर्षात दहा जण बोलावतील, बघशील तू.

रिंग आम्ही नाशिक रोडच्या आमच्या गोडाऊनमध्ये उभी केली. खाली लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर वऱ्हाडाच्या गाद्या, त्यावर ताणून बांधलेली ताडपत्री. दोरांसाठी वायररोप आणला आणि तो अंगाला कापू नये म्हणून त्यावर द्राक्षबागेतली ठिबकची जुनी नळी चढवली. पाचजण जमले. त्यातला नायक एका जिममध्ये ट्रेनर होता. दिसायला देखणा, दंड मोठे, पण पडायला घाबरायचा. खलनायक शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी चिल्ल्यापिल्ल्यांना दप्तरासकट उचलून गाडीत बसवणारा, आवाज न चढवणारा माणूस. माइक हातात दिला की तोच माणूस असा काही माजायचा की मीसुद्धा दोन पावलं मागे सरकायचो. आणि पडायचा तर इतका सुंदर, की त्याला पडताना बघायला मी गोडाऊनमध्ये कामं सोडून उभा राहायचो. तो मला भाऊ म्हणतो. त्याच्याशिवाय ही कंपनी आठवड्याभरात बंद पडली असती.

पहिला शो चैत्रातच झाला, नाशिक रोडच्या एका कॉलनीच्या मैदानावर. खलनायकाला आम्ही कांद्याचा व्यापारी केला होता. पांढरा शर्ट, काळा चष्मा, कानाला मोबाइल. रिंगमध्ये येऊन त्यानं नुसतं "भाव पडले" म्हटलं आणि कॉलनीतल्या बायका चपला दाखवायला लागल्या. खुर्च्या कमी पडल्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खुर्च्या कमी पडल्या. मी बायकोकडे विजयानं बघितलं. ती म्हणाली, "छान झालं. आता परत बोलावतात का बघा."

नाही बोलावलं. कॉलनीचा अध्यक्ष म्हणाला, मजा आली, पण पुढच्या वेळी ऑर्केस्ट्रा ठेवणार आहोत.

मग विंचूरला गेलो. तिथे मी शहाणपणा केला. शो ठेवणारी मंडळी कोण आहेत ते विचारलंच नव्हतं. ते सगळे कांद्याचे व्यापारी निघाले. पहिल्या रांगेत पांढरे शर्ट, काळे चष्मे बघून आमच्या खलनायकाचा चेहरा उतरला. ऐनवेळी त्याचा मोबाइल काढून हातात फाइल दिली आणि विमा एजंट केलं. विमा एजंटाचा कोणाला राग येणार? लोक शांतपणे बघत राहिले, मधेच एकानं उठून पॉलिसीबद्दल विचारलं.

पावसाळ्यात काम नव्हतं, म्हणून गोडाऊनमध्ये रोज सराव केला. गणपतीत चार मंडळांनी बोलावलं, पण गणपतीत फळ्या मंडपांना लागतात. एका मंडळाचा गणपती माझ्याच फळ्यांवर बसलेला आणि दुसऱ्या मंडळात माझीच रिंग उभी करायची, अशी दहा दिवस ओढाताण झाली. बायको डायरीत ज्या जोरानं रेघा मारत होती त्यावरून तिला काय वाटतंय ते मला कळत होतं. दसऱ्याला नायकाला पुण्यात मोठ्या जिममध्ये नोकरी लागली आणि तो गेला. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला आणि गोडाऊनच्या मागे जाऊन त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

बंद करायचं का, असं त्या दिवशी व्हॅनवाल्यानं मला विचारलं. मी म्हटलं, पाडव्याला अजून वेळ आहे.

चंपाषष्ठीला निफाडच्या पुढच्या एका गावातून बोलावणं आलं. खंडोबाची जत्रा, दुपारी कुस्त्यांची दंगल, आणि दंगलीनंतर आमचा शो. मी इतका खूश झालो की खलनायकाची वाक्यं मी स्वतः नव्यानं लिहिली. शेवटचं वाक्य मला फारच आवडलं होतं. खलनायक सगळ्यांना लोळवतो, माइक घेतो, हात वर करून रिंगभर फिरतो आणि विचारतो, "या गावात माझ्याशी भिडणारा कोणी मर्द आहे का?" मग आमचाच एकजण प्रेक्षकांतून उठणार, वर येणार आणि त्याला पाडणार. गोडाऊनमध्ये हे वाक्य म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

मी शहरात वाढलो. दंगलीत काय चालतं ते मी लांबून बघितलेलं होतं, कधी डोक्यात शिरलं नव्हतं. तिथे पैलवान हात वर करून मैदानात फेरी मारतो ती शोभेसाठी नसते. ती विचारणा असते. बसलेल्यांतून कोणी उठून त्याच्या हाताला हात लावला की जोड लागली, मग माघार नाही. त्याच मैदानावर, त्याच लोकांसमोर, तासाभरापूर्वी दहा जोड्या अशाच लागल्या होत्या. आणि माझा माणूस हात वर करून फेरी मारत होता.

आमचा ठरलेला गडी उठायच्या आत गावचा पैलवान उठला. अंगावर अजून दुपारची लाल माती होती. दोर ओलांडून आत आला आणि त्यानं शांतपणे व्हॅनवाल्याच्या वर केलेल्या हाताला हात लावला.

व्हॅनवाला बावरून माझ्याकडे बघत होता. मी खालून हातवारे करत होतो, ओरडत होतो, पण डफ वाजायला लागला होता. पैलवानानं त्याला खरा धरला आणि खरा टाकला. व्हॅनवाला खांद्यावर पडला. तो आवाज मला ओळखू आला, कारण आमच्या पडण्याचा आवाज तसा नसतो. लोकांनी पैलवानाला डोक्यावर घेतलं. मग कोणीतरी विचारलं की यानं आधी एवढे गडी पाडले ते कसे पाडले? पैलवान म्हणाला, "याला काय बी येत नाय. समदं ठरवून चाललं होतं." लोकांनी आमच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. दगड मारले असते तरी चाललं असतं. ते हसले.

व्हॅनवाल्याचा खांदा निखळला होता. पंधरा दिवस त्याच्या बायकोनं व्हॅन चालवली. मी रोज त्याच्या घरी जायचो आणि ती माझ्यासमोर चहाचा कप असा आपटून ठेवायची की निम्मा बशीत सांडायचा. तिचं काही चुकलं नव्हतं. ते वाक्य मी लिहिलं होतं.

ही गोष्ट सगळीकडे पसरली. दोन ठरलेले शो रद्द झाले. बायकोनं टोमणा मारला नाही, त्यानं मी अजूनच चिडलो. शेवटी एका सकाळी मी म्हटलं, त्या गावात जाऊन माफी मागतो.

"बोलावणं मागायला चाललात?"

"माफी मागायला चाललोय."

ती म्हणाली, "मग स्वेटर घाला. निफाडची थंडी आहे."

व्हॅनवाला बरोबर आला. मी नको म्हणत होतो, पण तो ऐकेना. गावातली तालीम एक म्हातारे वस्ताद चालवत होते. त्या पैलवानाला त्यांनीच घडवलेलं. वय ऐंशीच्या पुढे, कान कुस्तीत दबून गेलेले, डोक्याला मफलर. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी बसा म्हटलं नाही. मी हात जोडून सगळं सांगितलं. जोड लावण्याची रीत आम्हाला कळली नाही, गावाचा अपमान करायचा नव्हता, चूक माझी.

वस्ताद म्हणाले, "आमच्याकडं सोंगं नाचत्यात. रावणाचं सोंग घेतलेला गडी काय रावण ऱ्हातो का? समद्यांना ठाऊक हाय. तरी पोरं भेत्यात, बाया हात जोडत्यात. पण तो रावण कोणाच्या घरात घुसून खरी सीता मागत नाय. तू मागितलीस."

आजवर माझ्या धंद्याबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

"आता दाखव," ते म्हणाले. "ठरवून कसं पडत्यात ते मातीत दाखव."

आधी मी पडलो, कारण व्हॅनवाल्याचा खांदा नुकता बसला होता. पोट आडवं आलं, मी पोत्यासारखा आदळलो आणि तालमीतली पोरं खोखो हसली. वस्तादही हसले. मग व्हॅनवाल्यानं शर्ट काढला. तिथेच उभ्या असलेल्या त्या पैलवानाला म्हणाला, "तुम्ही फक्त हात लावा." पैलवानानं त्याच्या छातीला हात लावला आणि हा हवेत उलटा होऊन पाठीवर पडला. उठला. परत पडला. किती वेळा ते मी मोजलं नाही. हसणं थांबलं होतं. शेवटी वस्तादांनी त्याला जवळ बोलावलं, पाठमोरं उभं केलं आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. पाठीवर जुने, नवे, हिरवे, काळे डाग होते. आठ महिन्यांच्या फळ्या होत्या त्या.

"हे काय ठरवून झालेलं नाय," वस्ताद म्हणाले.

त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला. निघताना मी धीर करून विचारलं, पाडव्याच्या आधी तुमच्या तालमीच्या पटांगणावर एक शो करू द्याल का? मानधन नको, जेवणही नको. झालेलं धुऊन काढायचं आहे. ते म्हणाले, कर.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांनी बोलावलं की तुम्ही मागितलं?"

"मी मागितलं."

तिनं डायरी उघडलीच नाही. चुकीचं काही करत नव्हती ती, अट मला माहीत होती. तरी त्या रात्री मी ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवलो.

तो शो पाडव्याच्या आदल्या रविवारी, दुपारी चारला झाला. आमचा शेवटचा, हे उरलेल्या चौघांनाही माहीत होतं. व्हॅनवाल्याची बायकोही आली होती, बहुधा माझ्यावर लक्ष ठेवायला. माझी बायको अँप्लिफायरपाशी उभी होती. पटांगण भरलं होतं. लोक हसायला आले होते, हे आम्हाला दिसत होतं. पहिल्या खुर्चीवर वस्ताद आणि शेजारी तो पैलवान, हाताची घडी घालून.

ते वाक्य मी काढून टाकलं होतं. खलनायकानं सगळ्यांना लोळवायचं, दोन फुशारक्या मारायच्या आणि आमच्या गड्यानं मागून येऊन त्याला पाडायचं, असं बदललं होतं. सगळं नीट चाललं होतं. लोक हळूहळू हसायचे थांबून चिडायला लागले होते, म्हणजे आमचं काम जमलं होतं. व्हॅनवाल्यानं माइक घेतला, फुशारकी मारली आणि जिथे ते जुनं वाक्य यायचं तिथे तो क्षणभर थांबला. सवयीनं थांबला.

पहिल्या खुर्चीवरून वस्ताद ओरडले, "थांबलास का? पुढचं म्हण की!"

व्हॅनवाल्यानं माझ्याकडे बघितलं. त्याची बायको पुढे सरकली. मला त्याचा खांदा आठवत होता, तो आवाज आठवत होता. पण वस्ताद माझ्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत लबाडी होती. मी होकाराची मान डोलावली.

त्यानं हात वर केला, रिंगभर फिरला आणि विचारलं, "या गावात माझ्याशी भिडणारा कोणी मर्द आहे का?"

पैलवान उठला नाही. वस्ताद उठले. मफलर सोडून त्यांनी पैलवानाच्या मांडीवर ठेवला, काठी त्याच्या हातात दिली आणि एकेक पायरी चढत रिंगमध्ये आले. मी दोर खाली दाबून धरला, तसे ते आत शिरले. कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी चिमूटभर लाल माती काढली आणि व्हॅनवाल्याच्या तळहातावर चोळली. तालमीतली माती. घरूनच खिशात घालून आले होते ते. मग सुरकुतलेल्या मांडीवर असा शड्डू ठोकला की पटांगणातलं शेंबडं पोरसुद्धा उभं राहिलं. डफ वाजायला लागला.

वस्तादांनी त्याच्या वर केलेल्या हाताला हात लावला. नुसती दोन बोटं. आणि आमचा व्हॅनवाला हवेत उंच गेला, गर्रकन फिरला आणि पाठीवर असा पडला की फळ्या तोफेसारख्या वाजल्या. तसं पडणं मी आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. वस्तादांनी त्याच्या छातीवर तळहात ठेवला. सगळ्या गावानं मोजलं, एक, दोन, तीन. टोप्या उडाल्या. हाताची घडी घालून बसलेला पैलवान खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारत होता. ठरवून चाललंय हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी धावत रिंगमध्ये चढलो, व्हॅनवाल्यापाशी वाकलो. "लागलं का?"

त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले आणि ओठ न हलवता म्हणाला, "भाऊ, जा तुम्ही. वस्ताद खाली उतरेपर्यंत मी उठणार नाही."

वस्तादांनी माइक मागितला. दम लागला होता, छाती वरखाली होत होती. त्यांनी खाली पडलेल्या माणसाकडे बघितलं, मग गावाकडे.

"याची खोड अजून जिरली नाय," ते म्हणाले. "बदला घेतल्याबिगर हा काय ऱ्हायचा नाय. चंपाषष्ठीला परत आना रे याला. म्या हायच."

ऐंशी ओलांडलेला माणूस 'म्या हायच' म्हणाला, आणि मला रडू आलं. दोराला धरून मी सगळ्या गावासमोर रडलो, मला त्याची लाज वाटली नाही.

वस्ताद खाली उतरले, मगच व्हॅनवाला उठला. खांदा शाबूत होता. त्याची बायको त्याच्या पाठीवरची धूळ झटकत होती आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, खरंच नाही ना लागलं? मी अँप्लिफायरपाशी गेलो. बायकोनं पर्समधून डायरी काढली होती आणि ती पानं उलटत मार्गशीर्षापर्यंत पोचली होती.

"त्या दिवशी दोन लग्नं आहेत," ती म्हणाली.

फळ्या कोणाच्या ते पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

तिनं पेनाचं टोपण दातात धरलं, चंपाषष्ठीच्या रकान्यात गावाचं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. "लग्नाला फळ्या दुसऱ्याकडून भाड्यानं आणू," ती म्हणाली. "आपल्या फळ्या इकडं लागतील."